बैलाच्या पायाखालचा पट्टा

धान घरात आलं, बांध्या रिकाम्या झाल्या, की गोंदिया-भंडाऱ्याकडे शंकरपटांचे दिवस सुरू होतात. दिवसा बैलजोड्या धावतात आणि रात्री त्याच गावात झाडीपट्टीचं नाटक उभं राहतं. मध्यंतरी काही वर्षं हे पट थांबले होते. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जलिकट्टू आणि बैलगाडी शर्यतींबद्दल जो निकाल दिला, त्यातला एक मुद्दा शरीररचनेचा होता: बैल हे ओढकामाचं जनावर, त्याची ठेवण घोड्यासारखी धावण्यासाठी झालेली नाही. महाराष्ट्रानं २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, ती मुंबई उच्च न्यायालयात अडकली. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याची दुरुस्ती वैध ठरवली. मधल्या काळात बैलांच्या धावण्याच्या क्षमतेवर राज्यानं तज्ज्ञांचा अहवालही करून घेतला.

कायद्याचा वाद मिटला. शरीराचा प्रश्न मात्र वकिलांच्या युक्तिवादानं मिटणारा नाही. अमुक वजनाचा बैल ताशी किती किलोमीटरनं, किती वेळ आणि किती तापलेल्या हवेत धावला, तर त्याला ते झेपतं? कुठून पुढे त्याचं रक्त, त्याचा श्वास, त्याच्या अंगातली उष्णता हाताबाहेर जाते? ‘बैल धावू शकतो’ आणि ‘बैल धावू शकत नाही’ ही दोन्ही वाक्यं माझ्या मते अपुरी आहेत. वेग, वेळ, चढ आणि तापमान हे चार आकडे जोडल्याशिवाय त्यांना अर्थ येत नाही.

पण पटातल्या धावत्या जोडीवर हे मोजणार कसं? घड्याळ फक्त सेकंद सांगतं. श्वासातला ऑक्सिजन मोजायचा तर नाकातोंडावर मुखवटा हवा, मुखवट्याला नळी, नळीला यंत्र. हा सगळा सरंजाम बैलाबरोबर धावू शकत नाही. म्हणून संशोधकांनी उलटा विचार केला: जनावर जागेवर ठेवायचं आणि जमीन सरकवायची. हीच ट्रेडमिल.

तिचा उगम फारसा अभिमानास्पद नाही. १८१८ च्या सुमारास विल्यम क्यूबिट या इंग्रज अभियंत्यानं कैद्यांना राबवण्यासाठी पायऱ्यांचं मोठं फिरतं चाक तयार केलं, आणि ते नाव तिथून आलं. विज्ञानात ती आणली ती जनावरांच्या अभ्यासकांनी. बर्लिनच्या कृषी महाविद्यालयात नाथान त्सुंट्स आणि कुर्ट लेमान यांनी घोड्याला सरकत्या पट्ट्यावर चालवून विश्रांतीत आणि कामात तो किती ऑक्सिजन वापरतो ते मोजलं. त्यांचं काम १८८९ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे अमेरिकेत मिसुरी विद्यापीठात सॅम्युएल ब्रॉडी यांनी शेतकामाच्या घोड्यांवर तशीच मोजमापं केली. एडिंबरा विद्यापीठाच्या उष्णकटिबंधीय पशुवैद्यक केंद्रात १९८० च्या दशकात बैल आणि रेडे ट्रेडमिलवर चालले. तिथल्या अभ्यासात वापरलेली ब्राह्मन जात अमेरिकेत तयार झाली असली, तरी तिचं मूळ भारतातून गेलेल्या गीर, कांकरेज, ओंगोल अशा जातींमध्ये आहे. आपल्याच जनावरांच्या वंशजांचा हिशेब स्कॉटलंडमध्ये मांडला गेला.

गोंदियाची स्वतःची गुरं वेगळी आहेत. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या पट्ट्यातली कठाणी ही लहान चणीची, चिखलात काम करणारी जात. तिची राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंदणी झाली तीही अगदी अलीकडे. पलीकडे वर्धा-नागपूरपासून बालाघाटपर्यंत गवळाऊ, जिची ख्याती वेगानं चालण्यासाठी. या जनावरांचे आकडे इथेच काढायला हवेत. पशुवैद्यक महाविद्यालय नागपुरात आहे, महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयही तिथेच आहे. अडचण येते ती यंत्राशी. मोठ्या जनावरांची ट्रेडमिल परदेशातून आणायची, तर किंमत ऐकूनच प्रस्ताव बाजूला पडतो. म्हणून ती स्वस्तात आणि तरीही बिनचूक कशी बांधता येईल, हा या प्रकरणाचा विषय.

गोंदियाला राइस सिटी म्हणतात ते उगाच नाही. गिरणीत शिरलात की डोक्यावर शाफ्ट, पुल्या आणि पट्टे, बाजूला धान वर नेणारे एलिव्हेटर. हा सगळा कारखाना पट्ट्यांवर चालतो आणि तो चालता ठेवणारे फिटर, लेथवाले, मोटर वायंडिंग करणारे इथल्या गल्ल्यांमध्ये आहेत. ट्रेडमिलला लागणारं निम्म्याहून जास्त ज्ञान त्यांच्या हातात आहे. पट्टा एका बाजूला पळतो तेव्हा काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही: पुलीला मधोमध किंचित पोट ठेवायचं, म्हणजे पट्टा आपणहून मध्यावर येतो. धानाचं टरफल काढणाऱ्या रबर रोल शेलरमध्ये दोन रोल वेगवेगळ्या वेगानं फिरतात आणि त्या फरकानं दाणा सोलला जातो. रबर झिजून रोलचा व्यास घटला की फेरे तेवढेच राहूनही पृष्ठभागाचा वेग कमी होतो, हे शेलर चालवणारा रोज पाहतो. ट्रेडमिलच्या अचूकतेचा अर्धा धडा एवढ्यातच आहे.

आधी ताकदीचा हिशेब करू. बैल ३०० किलोचा धरू. त्याचा भार साधारण २,९४० न्यूटन. पट्टा लाकडी किंवा लोखंडी फळीवरून घासत सरकत असेल आणि घर्षणांक ०.२५ असेल, तर पट्टा ओढायला ७३५ न्यूटन जोर लागेल. ताशी ३.६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला एक मीटर, हा नांगराच्या बैलाचा वेग. त्या वेगाला सुमारे ७३५ वॅट, म्हणजे जेमतेम एक अश्वशक्ती पुरते. वेग सेकंदाला दहा मीटर केला की तीच गरज दहा अश्वशक्तीवर जाते. खुरांचे धक्के, पट्ट्याची वळणं आणि गिअरबॉक्सचा तोटा धरून मोटर याच्या दीडपट-दुप्पट घ्यावी लागेल. गिरणीच्या मानानं ही मोठी मोटर नाही. फळीऐवजी जवळजवळ बसवलेले रोलर टाकले तर घर्षण खूप उतरतं, पण खुराला खाली खाचखळगे जाणवतात आणि जनावर बिचकतं. माझं मत मेण किंवा सिलिकॉन दिलेल्या गुळगुळीत फळीच्या बाजूचं आहे. वीज थोडी जास्त जाईल, बैल मात्र सरळ चालेल.

चढ दिला की मात्र एक गोष्ट उलटी होते आणि नवख्याची फसगत तिथेच होते. चढ म्हटला की मोटरवर जास्त ताण येणार असं वाटतं. प्रत्यक्षात चढावर बैलाचं वजन पट्ट्याला मागे, खालच्या दिशेनं ढकलतं, आणि पट्टा त्याच दिशेनं जात असतो. म्हणजे बैल मोटरला मदत करतो. १० टक्के चढावर ही मदत २९४ न्यूटनची. घर्षण कमी असेल आणि चढ जास्त, तर पट्टा मोटरच्या आधी पळू लागतो आणि मोटरला ब्रेकचं काम करावं लागतं. म्हणून मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या व्हीएफडी ड्राइव्हला ब्रेकिंग रेझिस्टर जोडणं आवश्यक. तो नसला की ड्राइव्ह ऐन वेळी ट्रिप होतं आणि पट्ट्यावरचं जनावर गोंधळतं.

आता वेगाच्या अचूकतेकडे येऊ. बहुतेक स्वस्त ट्रेडमिलच्या पडद्यावर दिसणारा वेग हा मोजलेला नसतो. मोटरला दिलेल्या हुकमावरून तो काढलेला असतो. मोटरच्या पाटीवर १४४० फेरे लिहिलेले असतात ते पूर्ण भाराचे. ५० हर्ट्झच्या चार पोलच्या मोटरचं चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेतं आणि रिकामी मोटर जवळपास तेवढीच फिरते. भार आला की ती मागे पडते. रिकाम्या पट्ट्यावर जुळवलेला वेग बैल चढल्यावर तीन-चार टक्क्यांनी उतरला, तर त्यात मोटरचा दोष काहीच नाही. त्यात व्ही-बेल्टची एखाद-दोन टक्के घसरण मिळवा. मग आणखी एक बारकावा: रोलरचा व्यास १०० मिलिमीटर आणि पट्टा २ मिलिमीटर जाड असेल, तर वेग ठरवणारी रेषा पट्ट्याच्या जाडीच्या मधून जाते, म्हणजे हिशेबाचा व्यास १०२. हे विसरलं की दोन टक्के चूक घरबसल्या.

यावर महागडा उपाय म्हणजे महाग मोटर. स्वस्त आणि खरा उपाय म्हणजे पट्ट्यालाच विचारणं. पट्ट्याच्या कडेला एक छोटं चुंबक शिवायचं किंवा चिकटवायचं, चौकटीवर चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर बसवायचा. पट्ट्याची एकूण लांबी टेपनं नीट मोजायची. समजा ती १० मीटर आहे. दर फेरीला सेन्सरकडून एक ठोका येतो आणि प्रत्येक ठोक्याचा अर्थ दहा मीटर, मग मोटर काहीही म्हणो. फेरीच्या आत काय चाललं आहे हे कळण्यासाठी शेपटाकडच्या मोकळ्या रोलरवर त्याचं फिरणं मोजणारा एन्कोडर लावायचा, मोटरच्या शाफ्टवर नाही, कारण मधली सगळी घसरण मोटरला दिसतच नाही. एन्कोडरचा आकडा चुंबकाच्या ठोक्यांवरून दर फेरीला सुधारत जायचा आणि आर्डुइनोसारख्या छोट्या बोर्डानं व्हीएफडीला ‘वाढव, कमी कर’ असं सांगत राहायचं. हे सेन्सर आणि बोर्ड काहीशे ते काही हजार रुपयांत मिळतात. सगळ्या यंत्रात सगळ्यात कमी खर्चाचा हाच भाग आहे आणि अचूकता येते ती याच भागातून.

इलेक्ट्रॉनिक्सवर विश्वास ठेवण्याआधी हातानं एकदा ताळा करायचाच. पट्ट्यावर खडूची रेघ मारायची, बैल चालत असताना दहा फेऱ्या मोजायच्या, स्टॉपवॉच लावायचं. १०० मीटरला १०० सेकंद लागले तर वेग सेकंदाला एक मीटर. बोटाची चूक दोन दशांश सेकंदाची धरली तरी ती ०.२ टक्के होते. हा ताळा रिकाम्या पट्ट्यावर करून काही उपयोग नाही. जनावर वर असतानाच करायचा.

सरासरी वेग बरोबर आला की काम झालं असं मात्र नाही. पाय टेकतो तेव्हा पट्ट्याला ओढ बसते, पाय उचलताना धक्का बसतो. नेदरलँड्सचे खेरिट यान व्हान इंगेन शेनाऊ यांनी १९८० मध्ये हे स्पष्ट करून मांडलं: पट्ट्याचा वेग कायम असेल, तर हवेचा विरोध सोडला तर ट्रेडमिलवरचं चालणं आणि जमिनीवरचं चालणं यांत यांत्रिक फरक नाही. वेग हेलकावे खात असेल तर फरक पडतो, कारण मग पट्टा आणि प्राणी एकमेकांना ऊर्जा देतघेत राहतात. यासाठी फ्लायव्हील हवं. जुन्या तेल इंजिनांची जड चाकं अजून कुठे ना कुठे पडलेली असतात. रोलरच्या शाफ्टवर, तोल नीट साधून, असं एखादं चाक चढवलं की खुराचा धक्का त्यात जिरतो. तोल मात्र लेथवर तपासून घ्यायचा, आणि चाकाला भक्कम जाळी लावल्याशिवाय यंत्र सुरू करायचं नाही.

वेगाइतकाच महत्त्वाचा चढ, आणि त्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. हृदयविकाराच्या तपासणीत आपण ज्याला टीएमटी म्हणतो, ती रॉबर्ट ब्रूस यांची पद्धत १९६३ ची. तिच्या तिसऱ्या टप्प्यात माणूस ताशी साधारण ५.५ किलोमीटरनं १४ टक्के चढावर चालतो. चालण्याच्या रूढ सूत्रानं त्याला दर किलो वजनामागे मिनिटाला जवळपास ३५.६ मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. पट्टा पाच टक्के हळू असेल तर हा आकडा ३४ वर येतो. पट्ट्याचा वेग बरोबर असून चढ १४ ऐवजी १३ टक्के असेल तरीही तो ३४ वर येतो. एक टक्का चढ म्हणजे दीड मीटर लांबीला दीड सेंटीमीटर. फरशी एका कोपऱ्यात तेवढी खचलेली असणं मुळीच दुर्मीळ नाही. तपासायला गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी पुरते: दोन्ही टोकांची पाण्याची पातळी पट्ट्यापासून मोजायची, फरक आडव्या अंतरानं भागायचा. डिजिटल लेव्हल असेल तर उत्तम, पण नळी कधी बॅटरीअभावी बंद पडत नाही.

उंदरांच्या ट्रेडमिलचं गणित बैलाच्या यंत्राच्या नेमकं उलटं आहे. पंचवीस ग्रॅमच्या उंदराचं वजन पट्ट्याला जाणवतसुद्धा नाही. तिथे यंत्राचं स्वतःचं घर्षण हाच शत्रू. प्राणी स्वतःच्या पायांनी पट्टा फिरवतो अशा मेंदूसंशोधनाच्या यंत्रांत तर हलके रोलर, चांगले बेअरिंग आणि कापडी पट्टा एवढंच खरं काम. उंदीर मिनिटाला दहा ते वीस मीटर वेगानं सहज धावतो. परदेशी यंत्रांत मागे राहणाऱ्या उंदराला विजेचा हलका झटका देणारी जाळी असते. हवेच्या फुंकरीनंही तो पुढे जातो आणि धक्क्याच्या भीतीनं मोजमापात येणारी गडबड टळते. माशी किंवा मुंगी यांच्यासाठी पट्टासुद्धा लागत नाही, हवेवर तरंगणारा हलका चेंडू पुरतो.

पुन्हा बैलाकडे. खर्च कुठे वाचवायचा आणि कुठे नाही, याची माझी मतं ठाम आहेत. चौकट, रोलर, गिअरबॉक्स, व्हीएफडी या गोष्टी स्थानिक आणि जुन्या बाजारातून घेतल्या तरी चालतात. पट्टा खुराला पकड देणारा, जाड रबराचाच हवा. पायांना लोखंडी नाल असतील तर ते काढून घ्यावे लागतील, नाहीतर पट्टा फाटेल आणि बैल घसरेल. दोन्ही बाजूंना भरीव कठडे, वरून छातीपोटाखाली आधार देणारा पट्टा आणि चालवणाऱ्याच्या हाताशी थांबवण्याचं मोठं लाल बटण, यात एक रुपयाही वाचवू नये. सरकता पट्टा एकदम थांबला तर बैल पुढे आपटेल, म्हणून बटण दाबल्यावर तो दोन-तीन सेकंदांत उतरत थांबला पाहिजे. अर्थिंग पक्कं हवं. गुरांना विजेचा गळता प्रवाह माणसापेक्षा लवकर बाधतो. आणि या सगळ्याच्या आधी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी. जनावराला पट्ट्याची सवय लावायला दिवस द्यावे लागतात. आधी बंद पट्ट्यावर उभं करायचं, ओळखीच्या धुरकऱ्यानं कासरा धरायचा, समोर वैरण ठेवायची, मग अगदी हळू सुरू करायचं. घाबरलेल्या बैलाच्या हृदयाचे ठोके कामाचे नसतात, भीतीचे असतात.

मग मोजायचं काय? एडिंबऱ्याच्या कामावरून सपाटीवर चालायला गुरांना दर किलो वजनामागे, दर मीटरला साधारण दोन ज्यूल ऊर्जा लागते असं दिसतं. आपल्या ३०० किलोच्या बैलाला सेकंदाला एक मीटर चालायला ६०० वॅट. १० टक्के चढ दिला की सेकंदाला २९४ ज्यूल काम होतं, आणि स्नायूंची कार्यक्षमता ३० टक्क्यांच्या आसपास धरली तर त्यासाठी आणखी ९८० वॅट. एकूण १,५८० वॅट, उभं राहण्याचा खर्च वेगळा. एक लिटर ऑक्सिजनमागे २० किलोज्यूल धरले तर मिनिटाला ४.७ लिटर ऑक्सिजन. मुखवट्यातून ओढलेल्या हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण अर्ध्या टक्क्यानं उतरू द्यायचं ठरवलं, तर मिनिटाला साडेनऊशे लिटर हवा ओढणारा पंखा हवा. गिरणीत कोंडा उडवणारे ब्लोअर पाहिलेल्या माणसाला हा आकडा लहान वाटेल. ऑक्सिजनचा सेन्सर मात्र चांगला घ्यायचा, कारण अर्ध्या टक्क्याचा फरक अचूक टिपण्यावर सगळं अवलंबून आहे.

हे उभं राहिलं की पटाचा प्रश्न तुकड्यांत विचारता येतो. राज्याच्या नियमांत शर्यतीचं अंतर एक हजार मीटरपर्यंत मर्यादित आहे. मग कठाणी बैल वेगवेगळ्या वेगांना एक हजार मीटर गेला की त्याच्या रक्तात लॅक्टिक आम्ल किती चढतं, शरीराचं तापमान किती वाढतं, ते मूळ पातळीला यायला किती मिनिटं लागतात? जानेवारीच्या सकाळी काय होतं आणि एप्रिलच्या दुपारी काय? शेपूट पिरगाळणं, टोचणं हे क्रूर आहे की नाही हे यंत्रानं सांगायची गरज नाही, ते आहेच. पण दोन धावांमध्ये विश्रांती किती असावी, कोणत्या तापमानापुढे पट थांबवावा, हे नियम अंदाजानं न लिहिता आकड्यांवरून लिहिता येतील.

पटापेक्षाही मला महत्त्वाची वाटते ती चिखलणी, कारण पट वर्षातले थोडे दिवस, आणि बांधीतलं काम जनावराच्या जन्माला पुरतं. ट्रेडमिलवर चिखल आणता येत नाही, पण त्याची ओढ आणता येते. रोवणीच्या आधी जू आणि नांगराच्या मध्ये ओढ मोजणारा लोड सेल बांधायचा आणि बैल बांधीत चालत असताना ओढीचा आकडा नोंदवायचा. जोडीला मिळून ६० किलो ओढ पडत असेल तर एकाच्या वाट्याला ३० किलो, म्हणजे ३०० किलोच्या बैलाला वजनाचा दहावा हिस्सा. तीच ओढ ट्रेडमिलवर १० टक्के चढानं मिळते. पाय रुतण्याचा जादा खर्च यात येत नाही, त्यासाठी बांधीत आणि पट्ट्यावर दोन्हीकडे हृदयाचे ठोके मोजून तुलना करावी लागेल: ओढ सारखी असताना बांधीत ठोके जेवढे जास्त, तेवढा चिखलाचा भार.